संगणकाने आमचं तळं गवतात काढलं

आता तुम्हीच सांगा, अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी तळ्याकाठच्या पट्टीवर पाणी किती ते बघून वहीत लिहिणाऱ्या माणसाला या वयात पहिल्या बाकावर बसवायचं आणि उपग्रहावरून पर्यावरणाची पाहणी शिकवायची, हे काय बरं दिसतं? साहेब म्हणाले, "तुम्हालाच पाठवतो, बाकीचे कामात आहेत." म्हणजे मी इतकी वर्षं काय माशा मारत होतो? पण नाही... हल्ली वरून सगळं दिसतं म्हणे.

शिकवायला मॅडम, माझ्या धाकटीच्या वयाच्या. पहिल्याच चित्रात अख्खं जंगल लालभडक. मी म्हटलं, "वणवा लागलाय, अग्निशामकला कळवलं का कुणी?" तर म्हणतात, "काका, ते हिरवंगार जंगल आहे. पानं डोळ्यांना न दिसणारा प्रकाश परत फेकतात, तो आपण लाल दाखवतो." हिरवं ते लाल, पाणी ते काळं! घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणते, "अहो, तुम्हाला तसेही रंग कधी कळलेत?"

पण तुम्हाला सांगतो, मला चटक लागली. दहा वर्षांपूर्वीचं चित्र आणि आजचं शेजारी शेजारी ठेवलं की डोंगराला कुठून टक्कल पडत गेलं ते बसल्या जागी कळतं. चौथ्या दिवशी प्रत्येकाला आपापला भाग दिला. मी ऐटीत आमचं तळं उघडलं... तर तळंच नाही. काळं हवं तिथे लालेलाल, आणि खाली संगणकाने लिहिलेलं, 'गवताळ जमीन'. वरून सगळं दिसतं म्हणे!

आणि या चित्रांवरून बनलेली तळ्यांची यादी आठवड्याने वर सरकारकडे जायची होती. यादीत पाणी नसेल तर तळ्याचं संरक्षण गेलं, मग भराव टाकून कुणीही इमारत उभी करावी. मी म्हटलं, "मॅडम, ही जलपर्णी हो, वरून पानं आणि खाली पाणी." त्या म्हणाल्या, "मला पटतं काका, पण संगणकाला जागेवरचा पुरावा लागतो." मग काय, जागा दाखवणारं यंत्र माझ्या हातात, आणि सगळा वर्ग तळ्यावर.

यंत्र म्हणे, अजून बारा मीटर पुढे. मागून वर्गातला एक सर्वेक्षक म्हणतो, "जा की, गवतच तर आहे." एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं... आणि छातीपर्यंत आत. काठावरून मॅडम ओरडतायत, "काका, हलू नका, नोंद घेते!" इथे माणूस बुडतोय आणि यांना नोंद हवी. पण सवय कुठे जाते? एका हाताने यंत्र डोक्यावर धरलं, दुसऱ्या हातात खोली मोजायची काठी, आणि मीच ओरडलो, "पाणी एक मीटर तीस, लिहून घ्या."

अशा वीस जागा केल्या. दोन दिवसांनी संगणकाने पुन्हा हिशेब मांडला, आणि पडद्यावर आलं, 'जलपर्णीखालचं पाणी'. तळं यादीत राहिलं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

साहेबही खूश. इतके, की जिल्ह्यातल्या उरलेल्या एकेचाळीस तळ्यांत उतरायचा हुकूम माझ्याच नावाने निघाला. वरून सगळं दिसतं म्हणे... हुकूम हातात देताना त्यांनी सहज विचारलं, "पोहता येतं ना तुम्हाला?" अठ्ठावीस वर्षांत हे पहिल्यांदाच कुणी विचारलं. सोमवारपासून तेही शिकतोय.