तहानलेल्या तुडतुड्यांची पलटण

(नहरीकाठची दोन धानाची शेतं, मध्ये एक बांध. सकाळ.)

सूर्याजी : कोणाला खरं वाटणार नाही, दौलतसिंह, पण तुडतुड्यांची अख्खी पलटण मी पायी किल्ल्यावर चढवली आहे!

दौलतसिंह : सकाळी सकाळी, काका? आधी तुमच्या सूनबाईंना ते फावडं खाली ठेवायला सांगा.

वनमाला : नाही ठेवणार, भाऊजी. वाकून बघा. पानं हिरवी, पण बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर, तुडतुडे कसे चिकटून बसलेत. परवा ताटाएवढं धान करपलं होतं, आज खाटेएवढं.

दौलतसिंह : म्हणून दाणा भरायच्या वेळी शेतातलं पाणी बाहेर सोडायचं? धान पोचट निघेल! नहरीची बारी पुन्हा कधी येईल, काय भरवसा?

वनमाला : नाही आली तर मोट लावीन. जमिनीला भेगा पडू देणार नाही. पण ही ओल राहिली तर भरायला लोंबीच उरणार नाही.

दौलतसिंह : मग सोडा तुमचं. मला कशाला ओढता?

वनमाला : माझं पाणी तुमच्याच शेतातून खाली जाणार. आणि एकटीनं सोडून उपयोग काय? माझ्याकडचे उडून तुमच्याकडे, तिथे पोसून परत माझ्याकडे. दोन्ही शेतं एकदम कोरडी पडायला हवीत. हे पलटणीतून रजेवर येतील, तेव्हा त्यांना करपलेलं शेत दाखवायचं नाहीये मला.

सूर्याजी : अरे, तुला मिसरूड फुटत होतं, त्या साली अगदी हेच संकट. मी एका घावात बांध फोडला. पाणी गेलं, तुडतुडे तहानेनं कासावीस! निघाले रांगेनं. शहरात दाना ओलीच्या गल्लीत बायकांनी रांगोळ्या पुसून वाट दिली...

दौलतसिंह : दाना ओलीत!

सूर्याजी : किला गेटवर पहारेकऱ्यानं अडवलं. पुढचा तुडतुडा मिशा फेंदारून म्हणाला, "सूर्याजीरावांकडचे आहोत." लगेच मुजरा! वर सूरजकुंडावर असे प्यायले, की कुंड वीतभर उतरलं.

वनमाला : मामंजी, पुरे.

दौलतसिंह : तुडतुड्याला पंख असतात, काका. पायी कशाला जाईल?

सूर्याजी : कवायतीत कोणी उडतं का, बाबा?

दौलतसिंह : साफ खोटं! बांध तुम्ही फोडलाच नव्हता. घुशींनी पोखरला होता, तुमचाही आणि आमचाही. दोन्ही शेतं कोरडी ठाक. तुम्ही तर डोक्याला हात लावून इथंच बसला होतात. मी डोळ्यांनी पाहिलंय!

वनमाला : आणि तुडतुडे, भाऊजी?

दौलतसिंह : तुडतुडे...

वनमाला : हं?

दौलतसिंह : ...नव्हते राहिले. द्या ते फावडं इकडे, वहिनी. खालून, माझ्या बांधापासून सुरुवात करू.