नदी सुटायच्या आधी

मी पवनीची, भंडारा जिल्ह्यातली. वैनगंगेच्या काठचं गाव, त्यामुळे नदीचं आम्हाला कधी अप्रूप नव्हतं, नदी म्हणजे धुणं, नदी म्हणजे भर दुपारी लपून पोहायला जायचं अन् घरी कळलं की आईच्या हातचा मार खायचा. वडील शाळेत शिपाई होते, आम्ही चौघी बहिणी, मी तिसरी, शालिनी. लग्न होऊन नागपूरला आली. आमचे हे तेव्हा एका कारखान्यात मशीन दुरुस्तीला होते, पण शिकायची हौस फार, अन् ती हौस आम्हाला कुठल्या कुठे घेऊन गेली, काय सांगू तुम्हाला. आधी पेनसिल्व्हेनियात स्टेट कॉलेजला, हे शिकायचे अन् मी खिडकीत बसून कॅम्पसच्या बस येता-जाता पाहायची, काम करायची मला परवानगी नव्हती नं. मग यांना नोकरी लागली ती पार इथे वर, अलास्कात, फेअरबँक्सला, युनिव्हर्सिटीतल्या लॅबची मशीनं सांभाळायची. मी नकाशावर बोट ठेवून पाहिलं, म्हटलं अहो, हे तर नकाशा संपते तिथे आहे. हे म्हणाले, दोन वर्षं काढू अन् खाली कुठेतरी जाऊ. दोन वर्षं कायची बाप्पा, आमची लेक ईरा इथेच जन्मली अन् आता ती मलाच शिकवते की थंडीत नाकानं श्वास घ्यायचा, तोंडानं नाही.

मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. सकाळी जाऊन लेकरांचा नाश्ता लावायचा, मग दुपारचं जेवण, मग भांडी. ग्रीन कार्ड आल्यावर पहिली नोकरी मिळाली ती हीच, अन् सोडली नाही, मला लेकरांना वाढायला आवडते. सासरे गेले तेव्हा सासूबाई नागपूरचं घर बंद करून आमच्याकडे आल्या. हे एकुलते एक, त्या दुसरीकडे कुठे जाणार. सत्तरी उलटलेली, पण बाई खमकी, नागपूरच्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन भाजी आणायला जाणारी. तिला इथे आणून हिवाळ्यात घरात बसवलं. उणे चाळीसमध्ये दार उघडलं तर आत धुकं शिरते ताई, तिथे म्हाताऱ्या माणसानं जायचं कुठे? आमचं घर नदीकाठी, त्या नदीकडच्या खिडकीत बसायच्या, पातळावर ईराची जुनी स्वेटपँट, वर माझं जॅकेट, अन् विचारायच्या, अगं, ही नदी अशी किती दिवस निजून राहणार?

आता इथला वसंत म्हणजे तुम्ही समजता तसा नाही. झाडाला पान नसते, फूल नसते, सगळा चिखल. पण उजेड येतो! जेवणं झाली तरी बाहेर ऊन असते, अन् त्या उजेडानं माणसं वेडी होतात, बर्फ पायाखाली आहे अन् लोक टी-शर्टवर फिरून राहिले, लेकरं रबरी बूट घालून डबक्यात उड्या मारतात, काठावर शेकोट्या पेटतात, आकाशातून रानबदकं ओरडत येतात. ईरा तर घरात थांबतच नाही. अन् सगळ्यांच्या तोंडी एकच, नदी कधी सुटणार. म्हणजे हिवाळाभर गोठलेली नदी एक दिवस फुटते अन् बर्फ वाहून जातो, त्याला आमच्या घरात नदी सुटली म्हणतात. त्याच्या आधीचे दिवस सगळ्यात वाईट. वरून पाहाल तर बर्फ हातभर जाड, पांढरा, पण आतून उन्हानं उभ्या काड्या काड्या झालेला असतो. जानेवारीत ज्या नदीवरून ट्रक गेला तीच एप्रिलमध्ये कुत्र्याचंही वजन घेत नाही. इथल्या लेकरांना हे शाळेतच शिकवतात. सासूबाईंना हे सांगितलं होतं, यांनीही सांगितलं होतं. पण गोठलेली नदी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलेली नव्हती, तर सांगून किती समजणार.

अन् त्यात निर्माल्य. देवाला वाहिलेलं फूल सासूबाई कचऱ्यात टाकू देत नाहीत, अजिबात नाही. दुकानातून फुलं आणायची, पूजेला वाहायची, मग ती वाळवून कापडी पिशवीत. जमीन गोठलेली, पुरायची कुठे? म्हणून पिशवी गॅरेजमध्ये टांगलेली, नदी सुटली की पाण्यात सोडायची, असं ठरलेलं होतं. हिवाळाभर ती फुगत गेली. पाडव्याची गुढी आम्ही बर्फात काठी रोवून उभारली, तिचा हारही त्याच पिशवीत गेला.

तो रविवार होता. शेजारच्या डोनानं काठावर शेकोटी केली होती. डोना म्हणजे इथलीच, म्हातारी झाली तरी लाकडं स्वतः फोडते. ईरा तिच्या प्लॅस्टिकच्या स्लेडवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, उतारावरून घसरून राहिली होती, हे मक्याची कणसं भाजत होते, मी डब्यातून पोहे काढून राहिली होती. सासूबाई खुर्चीवर उन्हात बसल्या होत्या, मला म्हणाल्या, आज बरं वाटते गं. मी डोनाला प्लेट दिली, ती म्हणाली तिखट आहे पण चांगलं आहे, मी हसली, अन् वळून पाहिलं तर खुर्ची रिकामी.

पहिल्यांदा वाटलं लघवीला गेल्या असतील घरात. मग मला बूट दिसले. अगदी काठावर, जिथे सावलीमुळे बर्फ अजून किनाऱ्याला चिकटून होता, तिथे त्यांचे बूट, दोन्ही जोडीनं, टाचा सरळ, देवळाबाहेर ठेवतात तसे. ताई, ते बूट पाहिले अन् मी काठाकडे धावली. मला कोणी काही सांगायची गरजच नव्हती. निर्माल्य सोडायला बाई पायात बूट घालून जाणारच नाही.

त्या नदीत पोचल्या होत्या. म्हणजे नदीवर. मध्यभागी काळ्या पाण्याचा पट्टा उघडला होता, उन्हात चमकत होता, तो त्यांना दिसला, त्यांना वाटलं सुटली नदी. पायात मोजे, हातात ती पिशवी, गॅरेजमधून कधी काढून आणली कळलंच नाही, हळूहळू चालत होत्या, जसं घाटाच्या पायऱ्या उतरावं. मी ओरडली, आई! त्या वळल्या, हात हलवला, आलेच म्हणाल्या. अन् त्याच वेळेस त्यांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला.

आवाज नाही झाला काही. मला वाटायचं बर्फ फुटतो तर कडाड आवाज होत असेल, पण नाही, ओल्या भिंतीत हात जावा तसा गेला पाय. त्या बसल्या तिथेच. हे कणसं टाकून धावले, डोनानं यांना मागून जॅकेटला धरलं अन् असं ओढलं की हे पाठीवर पडले, ती ओरडली, तू जड आहेस, तू गेलास तर दोघंही जातील! ईरानं फोन लावला होता, पोरगी रडत रडत पत्ता सांगत होती. डोना म्हणाली, तिला सांग उभं राहायचं नाही, झोपायचं, पोटावर झोपायचं अन् लोळत यायचं, वजन पसरवायचं, आल्या वाटेनंच. आता हे मी कसं सांगू? हे ओरडले, आई, झोप, आडवी हो! त्या म्हणाल्या, वेडा झाला का, इतक्या लोकांसमोर आडवी होऊ? अन् उठायला लागल्या. हाताचा टेका दिला तर तिथूनही पाणी वर आलं.

मला त्या वेळेला कसं सुचलं देव जाणे. हे लहानपणी विषमज्वरानं आजारी होते तेव्हा सासूबाईंनी देवीला लोटांगणाचा नवस केला होता, देवळाभोवती ओलेत्यानं जमिनीवर लोळत फेरी घातली होती, ते मी लग्न झाल्यापासून किती वेळा ऐकलं असेल, यांना काही म्हटलं की ते लोटांगण निघायचंच. मी काठावर गुडघ्यावर बसली अन् घसा फाटेपर्यंत ओरडली, आई, लोटांगण घाला! लोटांगण घालत या! नदीला लोटांगण!

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, पाय ओढून काढला, आडव्या झाल्या, हात डोक्यावर जोडले, अन् लोळायला लागल्या. एक वळसा, मग थांबायच्या. मग आणखी एक. पातळ भिजलं, डोक्यावरचा पदर गेला, केस सुटले. जिथे त्या लोळत होत्या तिथे बर्फ खाली जायचा अन् वर यायचा, मला दिसत होतं ते, अन् मी तोंडानं फक्त या, या, या, एवढंच. बाजूला हे उताणे पडलेले होते ते आता पालथे होऊन हात पुढे करून होते, डोनानं यांचे पाय धरले होते. ईराच्या स्लेडला दोरी बांधून मी तो त्यांच्याकडे ढकलला, तो निम्म्यात अडकला. बर्फ परत वाकला. सासूबाई थांबल्या. मी म्हटलं, आई, तुमच्या लेकासाठी घातलं नं तेव्हा, आता त्याच्यासाठीच या. त्या परत वळल्या. त्यांनी स्लेड धरला, अन् मी, हे अन् डोना, तिघांनी दोरी ओढली ती बाई काठावर येऊन पडेपर्यंत.

मी त्यांना मिठीत घेतलं अन् जे रडली ते रडली. आमच्यात सासू-सुनेचं मिठ्या मारायचं काही नसते ताई, पण त्या दिवशी सोडवतच नव्हतं. त्यांचे दात वाजत होते, मोजे गोठत होते, ईरा स्वतःचं जॅकेट काढून त्यांच्या पायाला गुंडाळत होती. अन् त्यांचं पहिलं बोलणं काय, तर अगं, निर्माल्य राहिलं तिकडे.

फायर ब्रिगेडची माणसं आली, त्यांनी तपासलं, गरम ब्लँकेट दिलं, एक जण म्हणाला, ही रोलिंग कोणी शिकवली हिला? ईरा म्हणाली, शी न्यू, म्हणजे आजीला येतच होतं. डोना नुसती शेकोटीजवळ बसून राहिली, पोहे तिच्या प्लेटमध्ये तसेच. संध्याकाळी नागपूरला फोन लागला, तिकडून नात्यातलं कोणी म्हणालं, सुनेचं लक्ष कुठे होतं? सासूबाईंनी फोन ओढून घेतला अन् म्हणाल्या, सुनेमुळेच बोलून राहिली मी तुझ्याशी, ठेव आता. असं त्या कधी बोलल्या नव्हत्या माझ्याबद्दल. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

हे म्हणाले आता आईला वसंतात बाहेर काढायचंच नाही. त्या म्हणाल्या, मग मला नागपूरला परत पाठव, इथे कोंडून मरायला मी आली नाही. वाद झाला, जेवणं थंड झाली. शेवटी मी म्हटलं, त्या जातील बाहेर, मी सोबत जाईन, पण पाण्याजवळ माझा हात सोडायचा नाही. यांनी उठून भाजी परत गरम करायला ठेवली. निर्माल्याची पिशवी तशीच बर्फावर राहिली होती, आठवड्याभरात नदी सुटली तेव्हा तिच्याबरोबर गेली. सासूबाई म्हणाल्या, नेलं बघ तिनं.

आता या वर्षी पुन्हा तेच दिवस. नदी सुटते नं, तेव्हा आवाज येतो, रस्त्यावर कुणी दगडांचा ट्रक ओतावा तसा, अन् आख्खं गाव काठावर पळते, लोक टाळ्या वाजवतात, ईरा चपलाही न घालता धावते. माझे पाय आधी सासूबाईंच्या खोलीकडे जातात. परवा तो आवाज आला अन् मी हाक मारली, आई. पुन्हा मारली, माझा आवाज मलाच ओळखू येईना. मग बाथरूममधून खेकसल्या, अगं आहे मी, आहे, दोन मिनिटं बसू देत नाही कुठे! मी भिंतीला टेकली, मग बूट घातले अन् त्यांचे बूटही घेऊन दारात उभी राहिली. पुढच्या वसंतातही त्यांनी असंच खेकसावं माझ्यावर. दुसरं काही मागत नाही मी.