कणीस पुढे की पापलेट

“हॅलो?… हॅलो, कोण?… कोण स्टेफनी?”

शनिवारी दुपारी चार वाजता बर्नडेटचा फोन वाजला. स्क्रीनवर ‘स्टेफी’ असं नाव होतं, वर नणंदेचा हसरा फोटोही होता. तरीही तिनं ‘कोण’ असं विचारलं. तीन महिन्यांनी आलेला फोन होता. एका दमात ओळख दाखवणं तिला जमलं नाही.

“हां, बोल… मी बरी आहे. तू?… बरं… येतोय, आवाज येतोय… काय हवं होतं?… स्टीमर? कुठला?… सांदण करायचा? अगं तो मी तुला ईस्टरलाच परत… नाही केला?… थांब हं. मार्क, अरे त्या माळ्यावर बघ जरा… राहू दे, दिसला… हो, आहे. माझ्याकडेच आहे. मग एवढे दिवस सांदणं केलीच नाहीस का तू?”

उद्या रविवार, आगेरा. नव्या भाताचं पहिलं कणीस वाजतगाजत चर्चमध्ये न्यायचं, फादरांनी त्याला आशीर्वाद द्यायचा आणि घरोघरी चार-चार लोंब्या वाटायच्या, असा हा सण. आजवर कणीस पुढे आणि गाव मागे, असं चालत आलं होतं. यंदा चौक गावच्या कोळीवाड्यानं म्हटलं, आमची मासळीची टोपली पुढे जाईल. शेतीवाल्यांनी म्हटलं, वेदीसमोर मासळी? तेवढ्यावरून चर्चमध्ये दोन पक्ष पडले. शेतीवाल्यांची पुढारी बर्नडेट. कोळीवाड्याची पुढारी तिची नणंद, चौकच्या होडीवाल्या रॉयस्टनला दिलेली स्टेफनी.

फादरांनी दोघींना ऐकून घेतलं आणि एक अट घातली. आज संध्याकाळी सहाच्या सभेत मासळीची बाजू बर्नडेटनं मांडायची आणि कणसाची स्टेफनीनं. समोरची ‘होय, माझं म्हणणं हेच’ असं म्हणेपर्यंत खाली बसायचं नाही. जमलं तर प्रार्थना करून निर्णय. नाही जमलं तर यंदा मिरवणूकच नाही.

“स्टीमरसाठी फोन नाही केलास तू… अगं, मला काय कळत नाही? भाषण झालं का लिहून?… नाही?… माझं? माझं केव्हाच तयार आहे… वाचून दाखवते, ऐक. ‘आदरणीय फादर आणि बंधुभगिनींनो. मासळी ही… मासळी ही फार चांगली असते.’… एवढंच… हसू नको… हसू नको गं! पुढे प्रोटीनचं पण घातलंय. मार्क म्हणाला, घाल… बरं, आता तुझं वाच… हं… ‘भात हा आपल्या सर्वांचा’… हं… ‘भात नसेल तर कालवण कशाशी खाणार’… स्टेफी, ही कणसाची बाजू आहे का मासळीची?”

पलीकडून बराच वेळ काही तरी ऐकू येत राहिलं. बर्नडेटनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“हो, हो… अगं ऐक ना… मी पण बसले की. आठवडाभर रोज आराधनेला बसले. तू डावीकडे, मी उजवीकडे. दिसत होतीस… हो, फादर म्हणाले ते ऐकलं. ज्या विचारानं मन शांत होतं तो एक, आणि ज्यानं नुसतं जिंकल्यासारखं वाटतं तो दुसरा, दोघांची पारख करा… केली ना पारख. मला दुसराच जास्त आवडला… आता खरं ते सांगितलं.”

मार्क चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. बायको एका पक्षात आणि बहीण दुसऱ्यात, त्यामुळे गेले तीन महिने तो रविवारची मिस्साची प्रार्थना चर्चच्या बाहेर, स्कूटरवर बसून ऐकत होता.

“आणि तुला कळलं का, गेल्या रविवारी काय झालं?… अगं, बेव्हर्ली पार्कवरून कोणी पाहुणे आले होते. अर्धे लोक इकडे, अर्धे तिकडे, मध्ये सगळी जागा मोकळी. त्या बाईनं मला हळूच विचारलं, लग्न कोणाचं आहे, आणि मुलीकडचे कुठल्या बाजूला… मी काय सांगणार? म्हटलं, मुलगी पळून गेली… हो! बाई आमच्या बाजूला बसली. आमच्याकडे पंखा चालतो ना… तुमच्या डोक्यावरचा बंद आहे, माहीत आहे मला. तरी तू तिथेच बसतेस. एवढा घाम पुसतेस पण बाक सोडत नाहीस… असू दे, असू दे. मिस्सात एकमेकींना शांतीची खूण करताना आपण दोघी मान फिरवतो, तेव्हा फादरांचं तोंड बघितलंयस? मला तर… काय?… कालचं पापलेट? कुठलं पापलेट?”

मार्कनं कप ओट्यावर ठेवला आणि बाहेर जायला निघाला.

“थांब, थांब. मार्क, तू थांब… तू बोल, स्टेफी. कोणी नेलं?… दर शुक्रवारी?… तुझ्याकडून?… मला म्हणतो भाईंदरच्या बाजारातून आणलं! अगं मी शेजारणींना सांगत सुटलेय, माझ्या नवऱ्याला मासळीची काय पारख आहे म्हणून!… आणि पिशवी रिकामी नव्हती येत? म्हणजे?… फुग्या? माझ्या हातच्या, तळलेल्या?… मार्क! त्या तू ऑफिसमध्ये नेत होतास ना?… म्हणजे तीन महिने तू माझ्या फुग्या खातेयस आणि चर्चमध्ये तोंड फिरवतेयस?… मी पण तुझी मासळी खाल्ली, पण मला माहीत नव्हतं! तुला माहीत होतं!… मीठ कमी होतं?… मग तेव्हाच सांगायचं ना!”

ती स्टुलावर बसली. मार्क दारातच उभा होता. जावं की थांबावं, ते त्याला कळत नव्हतं.

“बरं. आता हसणं पुरे, स्टेफी. दोन तासांत सभा आहे. प्रोटीनवर तू मला ‘होय’ म्हणणार नाहीस आणि कालवणावर मी तुला म्हणणार नाही. मिरवणूक गेली तर सगळं गाव आपल्या दोघींचं नाव घेईल… मग खरं सांग. टोपली मागे असली तरी आशीर्वाद तोच ना? मग पुढेच का?… कोळीवाड्याचा मान, ते मी ऐकलंय. ते सगळे म्हणतात. तू का म्हणतेस?… हॅलो?… हॅलो? स्टेफी, आहेस ना?… रडतेस का?… अगं, सर्दी कधी झाली तुला?”

पलीकडचा आवाज आता इतका हळू होता की मार्कनं पुढे होऊन पंखा बंद केला.

“गेल्या वर्षी… हं… दिवाळीच्या दिवसांतलं वादळ… पण तेव्हा रॉयस्टन वसईला नांगर टाकून बसला होता ना? मजेत होता म्हणाला, तिकडे जेवला पण… नाही?… इंजिन बंद?… दोन दिवस?… येशू, मारिया!… आणि तू कोणाला काही… एकटी? कुठे?… चर्चमध्ये… डावीकडच्या बाकावर…”

यानंतर बर्नडेट बराच वेळ नुसती ‘हं’ म्हणत राहिली.

“म्हणजे नवस आहे तुझा. पुढच्या आगेऱ्याला पहिली टोपली मी स्वतः सगळ्यांच्या पुढे नेईन… असं बोललीस देवाला… आणि सांगणार कसं? सांगितलं तर रॉयस्टननं वादळाचा इशारा असताना होडी नेली हे कळणार… हो… म्हणून मान, म्हणून कोळीवाडा… आणि म्हणून तो बाक… अगं, मी सगळ्यांना सांगत होते, स्टेफी नुसत्या हट्टानं घामात बसते… नाही, मला बोलू दे. पंख्याखाली बसून सांगत होते मी.”

तिनं डोळे पुसले आणि मार्ककडे बघून विनाकारण डोळे वटारले.

“हं… माझं? माझं काय… माझं तेच, परंपरा… नाही?… तू पण आता फादरसारखं बोलायला लागलीस… मार्क, सांगू का हिला?… मान हलवतोय. तुझा भाऊ अजून बोलत नाही, मान हलवतो… स्टेफी, मुर्ध्याच्या बाजूचं आपलं शेत गेलं गं… विकलं नाही, विकलं नाही. तुला न विचारता विकू का? नव्या रस्त्याचा भराव पडला, नाला बुजला. उधाणाचं खारं पाणी आत आलं ते बाहेर गेलंच नाही. सगळं भात करपलं… वरच्या कोपऱ्यात चटईएवढा तुकडा राहिला. तेवढाच… वाटायच्या लोंब्या? त्या वसईहून आणल्या, माझ्या मावसबहिणीकडून. टेम्पो पहाटे आला म्हणून कोणी बघितला नाही… कशी सांगू? ह्यांच्या शेतात काही पिकत नाही आणि ही पुढे मिरवते, असं नसते म्हणाले?… पुढच्या वर्षी पुढे न्यायला आमच्याकडे काही नसेल, स्टेफी. म्हणून यंदा पुढे. एवढंच.”

पलीकडे स्टेफनी तिचं म्हणणं तिलाच परत सांगू लागली. खाली एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली.

“हॅलो?… हो, आहे… हो. माझं म्हणणं हेच… हेच. होय म्हटलं ना… अगं, सभेत पण म्हणेन… पण तुझं मी कसं मांडू? रॉयस्टनचं नाव कसं घेऊ?… मग काय, पुन्हा प्रोटीन?… तो काय म्हणेल, विचार त्याला… जवळच आहे?… विचार, मी थांबते… काय म्हणतो?… ‘सांगू दे, निदान मी जिवंत आहे हे तरी गावाला कळेल’… हा पण ना! त्याला म्हणावं, आधी माझ्या हातच्या फुग्या खाऊन जा, मग हवं तिथं नांगर टाक.”

इथपर्यंत सगळं सरळ चाललं होतं. फोनवर बॅटरीची लाल रेघ दिसत होती, चार्जर दुसऱ्या खोलीत होता, पण बर्नडेटला उठावंसं वाटत नव्हतं. तिनं मनाशी ठरवलेलं तिला सांगून टाकायचं होतं.

“बरं, आता ऐक. भाषण काय करायचं ते करू, पण उद्या टोपली पुढे जाईल… तुझी टोपली. मी ठरवलं… कणीस मागे चालेल. चटईएवढ्या शेताला काय मान?… काय?… कशाला?… स्टेफी, उगाच चांगुलपणा दाखवू नको. तुझा नवस आहे!… देव समजून घेईल? मग माझ्या कणसाला पण समजून घेईल की!… असं कसं, कणीस पुढे? आजपर्यंत तू म्हणत होतीस मासळी पुढे… मी काय म्हणत होते ते सोड! माझं मन बदललं, पारख केली मी… तू पण केलीस? मग चुकीची केलीस… मी हट्टी? मी?… जिच्या डोक्यावर पंखा नाही ती मला हट्टी म्हणते!”

मार्क खुर्ची ओढून बसला.

“ते काही नाही. मासळीच पुढे… न्हाय… न्हाय म्हणजे न्हाय!… हो, चिडले की मी असंच बोलते, गावचीच हाय मी… तू कणीस उचलूनच बघ उद्या. मी टोपली घेऊन तुझ्यापुढे धावेन… धावेन! या वयात!… आमची माणसं? आमची माणसं मी बघते. तुझी तू बघ… त्यांना काय सांगायचं? सांगायचं की वहिनीनं सांगितलंय… अगं, काटे टोचले तर माझ्या हाताला टोचतील, तुला काय? माझी मासळी आहे ती!… माझी!… हॅलो?… हॅलो, स्टेफी, ऐक, माझी मास…”

फोन बंद पडला. बर्नडेटनं चार्जर शोधला नाही. माळ्यावरचा स्टीमर काढला, धुतला, मार्कच्या हातात दिला आणि चप्पल घातली.

सभा सहाला सुरू झाली. उद्या पुढे काय जाणार ते अजून ठरलेलं नाही. फादरांनी शांततेसाठी दोनदा घंटी वाजवली आहे. बर्नडेट आणि स्टेफनी डावीकडच्या, बंद पंख्याखालच्या बाकावर शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि त्यांचा आवाज बाहेर मार्कपर्यंत येतोय. तो स्कूटरवर बसलाय. मांडीवर स्टीमर आहे.