पदवी खरी की गुच्छ खरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, या रंगाच्या कारखान्याचे मॅनेजरसाहेब. आज निवृत्त होणारे प्रयोगशाळेचे मोठे साहेब. व्यासपीठावरचे बाकीचे पाहुणे, ज्यांची नावं मला मघाशी सांगितली पण डोक्यात राहिली नाहीत. आणि पंख्याचं वारं पोचत नाही म्हणून खुर्च्या सरकवून एका कोपऱ्यात गोळा झालेल्या माझ्या कामगार लेकरांनो, सगळ्यांना नमस्कार.

नातीचा सत्कार आहे, घरच्यांपैकी कुणीतरी दोन शब्द बोला, असं मला सांगितलं. चांगलेच बोला असं कुणी सांगितलं नाही. तेवढं राहून गेलं तुमचं.

शाळेचं तोंड मी फार पाहिलेलं नाही. त्यामुळे आत्ता सूत्रसंचालन करणाऱ्या बाई बोलल्या ते मी फार लक्ष देऊन ऐकलं. त्या म्हणाल्या, मोठ्या साहेबांच्या प्रोत्साहनामुळे आणि कारखान्याच्या भक्कम पाठिंब्यामुळे आमच्या नातीने इथल्या प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून घरबसल्या रसायनशास्त्राची एम.एस्सी. केली. मी शेजारी बसलेल्या माझ्या मुलाला विचारलं, अरे, ही दुसरी कुठली पोरगी आहे का? तो म्हणाला, आई, गप्प बस. म्हणून उठले.

घरबसल्या म्हणजे काय ते आधी सांगते. हा कोर्स असा कुणालाही मिळत नाही. आधीची पदवी रसायनशास्त्राचीच लागते, तीही चांगल्या मार्कांची. तास रेकॉर्ड केलेले असतात, सवडीने बघा म्हणतात. आठवड्यातून एकदा मात्र सगळ्यांनी एका वेळी पडद्यासमोर बसायचं आणि विचारलं की उत्तर द्यायचं. दोन वर्षांत संपवा, नाही जमलं तर पाचापर्यंत लांबवा. याला ते लवचिक म्हणतात. लवचिक तर रबरही असतं. पण ताणून सोडलं की वळ कुणाच्या बोटावर उठतो?

पोरगी कॉलेजात जाते म्हटलं की घर तिला वाट देतं. पोरगी ऑनलाइन शिकते म्हटलं की घर तिला काम देतं. हा माझा मुलगा, तिचा सख्खा बाप, तास चालू असताना म्हणायचा, तू घरीच आहेस तर तेवढा चहा टाक. शेजारीण इस्त्रीचे कपडे ठेवून जायची, लक्ष ठेव म्हणायची. तिची सवड सगळ्यांनी आपापसात वाटून घेतली. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे डबे उचलून खाली ठेवले, तिथे तिचा कॉम्प्युटर मांडला आणि त्या बाजूला फिरकेल त्याला पळी दाखवली. पाठिंबा म्हणाल तर तो एवढाच होता. त्याचा फोटो कुणी लावला नाही.

आता प्रोत्साहनाकडे येते. सगळं पडद्यावर होत नाही. दरवर्षी पंधरा दिवस विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत उभं राहून हाताने काम करावं लागतं, नाहीतर परीक्षेला बसू देत नाहीत. रजा मागायला गेली तेव्हा मोठे साहेब तिला म्हणाले, ते व्हिडिओ बघून नाही का होत? साहेब, पोहणंही व्हिडिओ बघून शिकता येतं. बुडेपर्यंत. शेवटी तिने बिनपगारी रजा काढली आणि गेली.

मोठे साहेब, तुम्ही आज जाताय, तुमच्याबद्दल वाईट बोलू नये हे मला कळतं. पण तुम्ही माझ्या दारात आला होता, तेव्हा तुम्हालाही काही कळायला हवं होतं.

बाकीच्यांना माहीत नसेल म्हणून सांगते. शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. घरूनच द्यायची, पण नियम असा कडक की विचारू नका. आधी कॅमेऱ्याने सगळी खोली दाखवायची, टेबलाखालीसुद्धा. मग दार बंद. आत दुसरं माणूस दिसलं की पेपर रद्द. आणि आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला आतून कडी नाही, म्हणून बाहेर स्टूल टाकून मी बसले होते. आणि हे साहेब रंगाचा डबा हातात घेऊन जिना चढून आले. रंगात गुठळ्या झाल्या होत्या, माल भरून गाडी उभी होती, आणि काय करायचं ते पोरीला विचारायचं होतं. मी सांगितलं, परीक्षा चालू आहे, आत जाता येणार नाही. तर मला म्हणाले,

"आजी, ऑनलाइनच आहे ना? दोन मिनिटं थांबवेल ती."

मी उठेपर्यंत यांनी दार ढकललं होतं. आत जाऊन डब्याचं झाकण उघडून थेट कॅमेऱ्यासमोर धरलं. परीक्षा म्हणजे यांना टीव्हीवरची मालिका वाटली. पडदा बंद झाला. पेपर रद्द. वर्षभर राबलेली पोर त्या डब्याकडे बघत बसली, आणि साहेब विचारतात, मग यात थिनर किती घालू?

चूक माणसाकडून होते. मीही दूध उतू घालवते. पण दूध उतू गेलं की मी ओटा पुसते. पोरीने दुसऱ्या दिवशी यांच्याकडे दोन ओळी मागितल्या. "मी स्वतः आत शिरलो, हिची चूक नाही," एवढंच विद्यापीठाला कळवा म्हणाली. तर हे म्हणाले, माझं नाव त्यात कशाला? तिने पुढच्या खेपेला सगळा पेपर पुन्हा दिला. आज मात्र पदवीच्या गोष्टीत यांचं नाव पहिलं आलं. आता कशाला आलं, साहेब?

टाळ्या नकोत रे पोरांनो, उद्या तुम्हालाच कामावर यायचंय. आणि माझं मुख्य बोलणं राहिलंय.

मॅनेजरसाहेब, मोठ्या साहेबांची खुर्ची उद्यापासून रिकामी आहे. तिथे कोण बसणार ते तुम्ही सोमवारी सांगणार आहात. माझी नात ती जागा मागायला तुमच्या केबिनमध्ये आली होती. तुम्ही काय म्हणालात ते तिने घरी येऊन चप्पल काढता काढता सांगितलं. "पदवी चांगली आहे, पण ऑनलाइन आहे. या खुर्चीवर रेग्युलर शिकलेला माणूस हवा." असं म्हणालात. मान हलवू नका, हो का नाही ते तोंडाने सांगा.

प्रश्नपत्रिका तीच. तपासणारे मास्तर तेच. प्रमाणपत्रावर ऑनलाइन हा शब्द कुठेही नाही, मी नातीकडून अक्षर न अक्षर वाचून घेतलंय. आणि तुमच्या पाठीमागच्या या फलकावर तिचा फोटो लावून काय लिहिलंय? आमच्या प्रयोगशाळेची शान. म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायला पदवी खरी आणि खुर्ची द्यायची वेळ आली की खोटी. असं कसं चालेल? खोटी असेल तर हा सत्कार कसला करताय? आणि खरी असेल तर सोमवारपर्यंत थांबताय कशासाठी?

नात माझ्याकडे डोळे मोठे करून बघतेय. तिने तिचा गुच्छ मला धरायला दिला होता, तो अजून माझ्याच हातात आहे. बस गं, झालंच माझं.

बसत नाही ती. येतेय वर. मला वाटलं, आता मला खाली नेणार. काय? गुच्छ देऊ? घे बाई, तुझाच आहे.

बघा. ठेवला तिने तो, मॅनेजरसाहेब, तुमच्या टेबलावर. आणि हे मी तिला शिकवलेलं नाही, देवाशपथ. आता सोमवारी एकतर तिला खुर्ची द्या, नाहीतर तो गुच्छ पाण्यात ठेवा, रेग्युलर शिकलेला माणूस आला की त्याला होईल.

मला बोलायला बोलावलंत, इतका वेळ कुणी माईक काढून घेतला नाही, त्याबद्दल आभार. मोठ्या साहेबांना पुढचं आयुष्य सुखाचं जावो, आणि त्यांच्या घराच्या दारांना आतून कड्या असोत. म्हातारीचं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि चुकलं नसेल, तर माफी कुणी कुणाची मागायची ते तुम्ही सुशिक्षित माणसं आहात, तुम्हाला सांगायला नको.