चाळिसाव्या मिनिटाला बाबा

—नाही नाही, बसा हो, बाक काय माझ्या बापाचा नाही. हा बिअरचा ग्लास सरकवतो, झालं. गळ्यातल्या बिल्ल्यावरूनच ओळखलं, टीव्हीवाल्या ना तुम्ही? दर ऑगस्टला एडिनबराच्या या नाट्यमहोत्सवाला येता, विनोदी माणसं वेचायला. मी? मी समीक्षक. घाबरू नका, आता दात पडलेत. पण आलाच आहात तर सांगा, तुमच्या त्या नव्या मालिकांना विनोदी म्हणायचं कुणी ठरवलं हो? सहा भाग, एक देखणं स्वयंपाकघर, एक बाई सिंकपाशी उभी राहून खिडकीबाहेर बघतेय — आणि हसायचं कुठे? हसायचं नाहीच म्हणे, आतून हलायचं! हलायला मी काय झाड आहे? आणि ते दुसरे — टेबलामागे ओळीने बसून एकमेकांच्याच विनोदांवर खिदळणारे. शेजारच्या घरातली मेजवानी भिंतीला कान लावून ऐकावी तसं आपण ते बघायचं.

आणि इथे रंगमंचावर? विचारूच नका. तासाचा प्रयोग, साचा सगळ्यांचा एकच. आधी भाड्याची खोली, मग मोडलेलं प्रेम, मग समुपदेशक बाई, आणि चाळिसाव्या मिनिटाला दिवे मंद — बाबा गेले! गेलेच पाहिजेत. बाबा गेल्याशिवाय परीक्षणात पाच तारे देतंय कोण? गेल्या वर्षी मी सदरात लिहिलंच होतं — पोरांनो, या गावात नाव काढायचं असेल तर आधी बाप मारा. लोक काय हसले होते! तुम्हीही हसा, हसा. मारला ना पण एकीने.

ते पत्रक आहे ना तुमच्या हातात, वर परीक्षणातल्या ताऱ्यांची चिठ्ठी स्टेपल केलेलं — तीच. एल्सपेथ. आडनाव आईचं लावते. 'सत्यकथा' असं छापलंय बघा खाली, चांगलं ठळक. काल गेलो होतो मी, टोपी खाली ओढून, मागे खांबाआड. चाळिसावं मिनिट आलं, दिवे मंद झाले, आणि मी मेलो.

म्हणजे — मी म्हणजे — जाऊ दे, आता सुटलं तोंडातून. हो, बाप मीच. तिकडे डंडी शहरातल्या इस्पितळात गेलो म्हणे, तिचा हात हातात धरून. डंडीत मला साधी सर्दीसुद्धा झालेली नाही! आणि मरता मरता माझ्या तोंडी एक विनोद घातलाय — मला उभ्या जन्मात सुचला नसता असा. मेल्यापेक्षा त्याचाच राग आला. शेजारच्या बाईंनी मला रुमाल दिला. 'तुमचेही गेले का?' म्हणाल्या. काय सांगू? 'मीच गेलो' म्हणू?

पण एक ऐका. त्याच्या आधी ती अंड्याचं सांगते. लहान होती तेव्हा रविवारी मी उकडलेलं अंडं आधीच खाऊन टाकायचो, आणि रिकामं कवच उलटं करून तिच्यापुढे ठेवायचो. ती मोठ्या ऐटीत चमचा मारायची — आत काहीच नाही! दर रविवारी फसायची. कसली फसतेय? फसल्याचं नाटक करायची, बाबाला वाईट वाटू नये म्हणून. हे मला काल कळलं, त्या अख्ख्या गर्दीबरोबर. काय हशा फुटला तिथे — खरा हशा, बाई, तो मला ओळखता येतो, तेवढंच तर येतं मला. मीही हसलो. मग तो रुमाल लागलाच.

तिला भेटलो? नाही भेटलो. भेटणार कसा? चार लोकांत मिठी मारली असती, तर मेलेला बाप जिवंत निघाला असता आणि पोरगी खोटारडी ठरली असती. मागच्या दाराने निघून आलो. आता तुम्हाला कळलंय, म्हणजे तिचं सगळं तुमच्या हातात. घ्या हो तिला. मालिका करा. स्वयंपाकघर दाखवा, सिंक दाखवा, खिडकी दाखवा — मी एक अक्षर वाईट लिहिणार नाही, मेलेला माणूस लिहितो कुठे? फक्त ते अंडं कापू नका.

अरे देवा — ती बघा, पिवळ्या कोटात, पत्रकं वाटत इकडेच येतेय. उठा, उठा तुम्ही, तिच्या प्रयोगाला रांग लागलीय केव्हाची. माझ्याकडे बघू नका! तो पेपर द्या इकडे — हां, असा तोंडापुढे. आणि तिने विचारलंच, त्या बाकावर कोण बसलंय, तर सांगा, कुणी नाही. जा.