अविधवा नवमीचं पान

सांगतो, पण पुन्हा विचारायला येऊ नका. तुम्ही मिशनचे उपदेशक, तुम्हाला दर रविवारी सभेपुढं कोणीतरी बरं झालेलं लागतं — आणि अख्ख्या नालछ्यात माझंच दार सापडतं. बसा त्या खाटेवर. तर आमची जमुना, माझी बायको. पाय सडला, किडे पडले, वैद्यानं हात टेकले. गाडीत घालून मीच धारला तुमच्या दवाखान्यात नेली — घरचं कोणी आलं का? नाही आलं. तुमची ती गोरी डॉक्टरीणबाई रोज स्वतः खाली बसून तिचा पाय धुवायची, धुताना डोळे मिटून येशूचं नाव घ्यायची. पाय भरून आला. हे खरंय, खोटं कशाला बोलू? पण आमचा एक पाहुणा तिथं डोकावला, त्यानं पाणी पाहिलं, प्रार्थना ऐकली — आणि घरी येऊन सांगितलं, बाई बाटली. आता पाय धुतला म्हणजे बाप्तिस्मा होतो का भिया? तुम्हीच सांगा. थोरले दादा म्हणाले, आपल्याला ती मेली. तिच्या नावानं मडकं फोडलं, सगळ्यांनी आंघोळी केल्या. मी? मी पेरणीला घरी आलेलो. दादा म्हणाले बस, बसलो. थोरल्यापुढं कोण बोलतो?

मग भादव्यात अविधवा नवमी आली — नवरा जिवंत असताना गेलेल्या बायांच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात, तो दिवस. जमुनाच्या नावाचं पान मांडलं, शेजारची सवाष्ण बसली — आणि दारात ही उभी. चालत आलेली, धडधाकट. पोरं भूत म्हणून पळाली. ती हसली, म्हणाली, "माझंच पान ना गं? सरक की जरा." कोणी सरकेना. दादा भिंतीकडे बघून म्हणाले, मेलेली बाई जेवत नसते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार — माझ्या हातात खिरीचं भांडं होतं.

परत गेली. तुमच्याच दवाखान्यात दुसऱ्यांचे पाय धुवत राहिली, तिथंच वारली. ती पुरती बरी झाली का म्हणता? ते तुमच्या देवाला विचारा. मला एवढं ठाऊक, अजून ओसरीवर पावलं वाजतात — दोन्ही पाय सारखे, लंगडणं नाही — मी उठून बघतो, कोणी नसतं.

सभेत हे नको? मग उठा आता. पलीकडच्या दारात एक म्हातारा ऊन खात बसलेला दिसेल, तोच आमचा थोरला, त्याला विचारा, धाकट्याची माफी मागायची कधी मनात आहे. त्याचं नाव पक्कं ध्यानात ठेवा — खंडोजी.