लेथजवळच्या तीन बादल्या

मी, वय ४७ वर्षे, धंदा कारखान्यात झाडलोट, राहणार कामगार वसाहत, खोली क्रमांक ११, समक्ष हजर राहून जबाब देते की, मी नऊ वर्षांपासून लेथ विभागात कामाला आहे. तिथे मॅग्नेशियमचे भाग कातले जातात. त्याचा कीस गोळा करणे हे माझे काम. दोन नंबरच्या लेथवर माझे धाकटे दीर आहेत.

कीस पेटला तर पाणी मारायचे नाही, लेथजवळच्या तीन बादल्यांतली वाळू टाकायची, हे सर्वांना माहीत आहे. फोरमन सांगतात की, पेटलेला हा धातू पाण्यालाही फोडतो आणि त्यातून जळणारा वायू निघतो. गंजलेल्या लोखंडाचा कीसही त्यात मिसळायचा नाही. मी डबे वेगळे ठेवते. त्यात माझी चूक कधी झालेली नाही.

आज सकाळी १०.४० च्या सुमारास लेथखालचा कीस पेटला. दिरांनी पहिली बादली उचलून वाळू टाकली. मोठा आवाज होऊन पांढरा लोळ उठला. तेव्हा मी दहा पावलांवर होते. त्यांना दवाखान्यात नेले आहे. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. उजव्याचे उद्या कळेल.

त्यांनी घाबरून पाणी मारले, असा अहवाल कारखान्याने लिहिला आहे. तो कायम राहिला तर त्यांची नोकरी जाईल. त्यांनी पाणी मारलेले नाही.

गेल्या आठवड्यात दीर मला म्हणाले होते, "वहिनी, पंख्यानं ही वाळू रोज डोळ्यांत जाते. एक दिवस तुमच्या जावेला निरोप द्या, नवरा वाळवंटात हरवला म्हणून." आम्ही दोघे हसलो. त्या दिवसापासून मी रोज सकाळी तिन्ही बादल्यांत तांब्याभर पाणी घालत होते. वर चार बोटे वाळू सुकते, खाली ओल राहते. वरून पाहणाऱ्याला कळत नाही. दिरांना मी सांगितले नव्हते. पाणी मारू नका म्हणजे वाळूवरही नको, हे माझ्या ध्यानात आले नाही.

फोरमन मला म्हणाले, "बाई, तुम्ही झाडत होता, एवढंच सांगा. नसतं लचांड गळ्यात घेऊ नका." तरीही मी हा जबाब कोणाच्या सांगण्यावरून देत नाही.

दोन बादल्या अजून लेथजवळ आहेत. पंखा चालू आहे. त्यांत कोपरापर्यंत हात घालून पाहावे, अशी माझी विनंती आहे.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. घड्याळात १.५० झाले आहेत. दोनला पाळी बदलते, मग बादल्या कोण हलवील सांगता येत नाही. साहेब, आधी बादल्या ताब्यात घ्या, अंगठा मी तिथेच देते.